कारवीच्या तीस बाटल्या

नाकाड्याने सकाळपासून सिंधू उतेकरचं डोकं खाल्लं होतं. आधी शेजारची पारू दुधाची चरवी घेऊन आली. मग शाळेतल्या बाई हळद घेऊन आल्या. मग देवळातले जंगम आले आणि पंचामृताचं तूप तेवढं तपासून द्या म्हणाले. दारावर ‘मध संकलन केंद्र, माचीघर’ अशी हातभर पाटी असताना माणसं हळद घेऊन येतात, याला काय म्हणावं. पण केंद्र सिंधूच्या ओटीवर होतं, यंत्र केंद्रात होतं, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं की लगेच गावभर, उतेकरणीच्या घरातच काहीतरी काळंबेरं असणार.

यंत्राचं कागदोपत्री नाव ‘गंधपारखी’. गावाने पहिल्याच दिवशी त्याचं नाकाडं करून टाकलं. पाच वर्षांपूर्वी ते मधासाठी म्हणून आलं आणि बघता बघता सगळ्यात तोंड घालायला लागलं. शहरात तर म्हणे फोनलाच नाकं आली होती. खालच्या गावात एका लग्नात वरमावशीने बासुंदीला नाक लावलं, दिवा लाल लागला आणि पंगत तशीच उठली. लोकांना एकमेकांच्या घरचं खाण्याआधी यंत्राला विचारायची सवय लागली होती. सिंधूला त्याचा मनस्वी कंटाळा आला होता, आणि तरीही मधाच्या बाबतीत तिला ते हवं होतं.

कारण त्याच्या आधी नाक तिचं होतं. पंचवीस वर्षं गावचे मधपाळ डबे घेऊन तिच्याकडे यायचे. ती झाकण काढायची, एकदा वास घ्यायची आणि सांगायची, हा जांभळाचा, हा हिरड्याचा, आणि हा बाबा तू घाईने काढलास, पिकू दे अजून आठ दिवस. तिचं चुकायचं नाही, पण प्रत्येक ‘नाही’मागे एक भांडण ठरलेलं असायचं. नाकाडं आलं आणि भांडणं संपली. डब्याच्या झाकणाला भोक असे, त्यातून नळी आत जाई, मिनिटभरात हिरवा नाहीतर लाल दिवा लागे आणि चिठ्ठी बाहेर येई. यंत्र म्हणतंय, मी काय करू, एवढं म्हटलं की झालं. पाच वर्षांत सिंधूने एकाही डब्याचं झाकण उघडलं नव्हतं.

आता हे यंत्र करतं काय, तर तसं साधंच. वास म्हणजे पदार्थातून हवेत उडालेले अतिसूक्ष्म कण. मधातून असे शेकडो प्रकारचे कण उडतात, फुलाफुलागणिक वेगळे. नाकाड्याच्या पोटात बत्तीस बारीक पट्ट्या होत्या, प्रत्येकीला निराळा लेप. कण पट्टीवर बसले की तिच्यातून वाहणारी वीज किंचित कमीजास्त होई, आणि बत्तीस पट्ट्यांचे बत्तीस आकडे मिळून त्या वासाची एक रांगोळी तयार होई. जांभळाच्या मधाची एक, हिरड्याच्या मधाची दुसरी. तांदळाचा किंवा मक्याचा पाक मिसळला की रांगोळी बिघडे. जुन्या रासायनिक चाचण्यांना फसवणारे पाक बाजारात आले होते, पण नाकाड्यापुढे त्यांचं काही चालत नव्हतं.

मात्र कुठली रांगोळी खरी आणि कुठली खोटी, हे नाकाड्याला आधी कुणीतरी दाखवावं लागे. हे यंत्र ज्या मुलीने बनवलं ती तेजल पाटणकर सात वर्षांपूर्वी नमुने गोळा करायला माचीघरात आली होती आणि दोन महिने सिंधूच्याच घरी राहिली होती. ती म्हणायची, “काकी, याला स्वतःची अक्कल नाही. लहान मुलाला आपण दाखवतो ना, ही मावशी, हा मामा, तसं याला दाखवायचं. हा खरा मध, हा खोटा. एकदा दाखवलं की जन्मभर तेच धरून बसतं.” आता तेजल पुण्यात मोठी शास्त्रज्ञ झाली होती, पण दिवाळीला न चुकता फोन करायची.

तर त्या सकाळी जंगम तूप घेऊन गेले आणि मागोमाग कोंडीबा आला.

कोंडीबा केळगणे हा सिंधूचा धाकटा भाऊ. बावन्न वर्षांचा, बोलायला कमी, हट्टाला जास्त. त्या वर्षी कारवी फुलली होती. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, सगळा डोंगर निळाजांभळा करते आणि मरून जाते. ती फुलते वरच्या पठारावर, गावापासून अडीच तासांच्या चढावर, आणि तिचा मध हवा तर पेट्या तिथे न्याव्या लागतात. मागच्या फुलोऱ्यानंतर बाकीच्यांनी सोडून दिलं होतं ते. कोंडीबाने मात्र बाराच्या बारा पेट्या, एका खेपेला एक, डोक्यावरून वर नेल्या होत्या. दोन महिने तो तिथेच झोपडं घालून राहिला होता. आता खाली आला तो चार डबे घेऊन, आणि चेहरा असा की दिवाळी आधीच झाली.

“लाव तुझं नाकाडं, आक्का,” तो म्हणाला.

सिंधूने नळी घातली. दिवा लाल लागला. तिने नळी पुसून पुन्हा घातली. लाल. दुसरा डबा, तिसरा, चौथा, सगळे लाल. चिठ्ठीवर छापून आलं: कारवी मध, अशुद्ध, भेसळ.

ओटीवर पाचसहा माणसं होती. सिंधूचं डोकं आधीच तापलेलं, त्यात हे. आपल्याच भावाने आपल्यालाच तोंडघशी पाडावं याचा तिला असा काही संताप आला की तोंडातून निघून गेलं, “साखर पाजलीस व्हय रं माशांना? खरं सांग.”

कोंडीबाने तिच्याकडे बघितलं. लाल चिठ्ठी लागली की डबे सील करून केंद्रात ठेवायचे असा नियम होता. त्याने ते चारही डबे स्वतः उचलून भिंतीशी ओळीने लावले, चपला घातल्या आणि निघून गेला. जाताना येतो आक्का म्हणाला नाही, आणि ते सिंधूच्या दुपारी जेवताना लक्षात आलं.

लाल चिठ्ठीचे पुढचे नियम सगळ्यांना पाठ होते. पंधरा दिवसांत जिल्ह्याचा साहेब येणार, देवळात सुनावणी होणार. तिथे लाल कायम झाला की मधपाळाचं नाव यादीतून कमी, आणि पेट्या संस्थेकडे जमा. कोंडीबाच्या आजाने डोंगरातली सातेरी माशी पहिल्यांदा पेटीत बसवली होती. त्या घरातून पेट्या जाणार म्हणजे कोंडीबाचे हातच जाणार. सिंधूने दोनदा निरोप धाडला. येत नाही म्हणाला. तिसऱ्यांदा ती स्वतः गेली तर दाराला कडी, आणि परसात पेट्यांपाशी तो पाठमोरा बसलेला. तिने हाक मारली, तो वळला नाही. ती चिडून परत आली, आणि चिडलीय कुणावर हे तिला धड सांगता येईना.

चार दिवसांनी समोरचा आनंदा सपकाळ दोन डबे घेऊन आला.

“कारवीचा हाय, काकू,” तो म्हणाला.

नळी घातली. हिरवा. दुसरा डबा, तोही हिरवा. आनंदाने बत्तीशी दाखवली.

सिंधूने चिठ्ठी फाडायला हात पुढे केला आणि तिची नजर रस्त्यापलीकडे गेली. आनंदाच्या पेट्या त्याच्या पत्र्याच्या पडवीत होत्या. काल होत्या, गेल्या महिन्यात होत्या. ओटीवर बसून दोन महिने ती त्याच पेट्यांकडे बघत होती.

“आनंदा, तुझ्या पेट्या पठारावर गेल्या कधी?”

“पेट्या कशाला जायला पायजेत? माशा जात्यात की उडत.”

“सातेरी माशी कोसभर जाती न जाती. तुझ्या काय एसटीनं जात्यात?”

“यंत्र हिरवं म्हणतंय ना, काकू? मग तुम्हाला काय त्रास?” आनंदा म्हणाला, आणि त्याच्याजवळचं तेच सगळ्यात बळकट उत्तर होतं.

तो गेल्यावर तिने डबे नीट बघितले. लेबल खरवडून काढलेलं, पण कोपऱ्यात निळ्या कागदाचा तुकडा राहिला होता. तसलाच निळा कागद, तसलाच डबा तिने आधी पाहिला होता. कुठे ते आठवलं आणि तिने हातातला डबा खाली ठेवला.

सात वर्षांपूर्वी, मागची कारवी फुलली तेव्हा, गावातल्या पेट्यांत रोग शिरला होता. अळ्या जागच्या जागी मेल्या, माशा पेट्या सोडून गेल्या. अख्ख्या गावात मिळून कोंडीबाच्या एका पेटीत बाटलीभर मध निघाला. आणि तेजलला हव्या होत्या तीस घरांतून तीस बाटल्या. कारवी त्या वर्षी दुसरीकडे कुठे फुललीच नव्हती, आणि तीस देते असा शब्द सिंधूने रोग यायच्या आधीच देऊन ठेवला होता. दोन महिने पोरीने तिच्या हातची भाकरी खाल्ली, तिच्या चुलीशी बसून वह्या भरल्या. तिला एका बाटलीवर वाटेला लावायचं? घरी आलेल्या माणसाला या गावाने कधी रित्या हाताने पाठवलं नव्हतं. आणि मधाच्या गावात मध नाही, हे परक्या मुलीला सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

सिंधू गाडीत बसून घाटमाथ्यावरच्या बाजारात गेली आणि टपरीवरून एक डबा घेऊन आली. वर निळं लेबल, त्यावर छापलेलं ‘अस्सल कारवी’. त्यातून तिने एकोणतीस बाटल्या भरल्या, आणि प्रत्येकीवर चांगल्या अक्षरात एकेका घराचं नाव लिहिलं. तिसावी कोंडीबाची. तेजल निघताना तिच्या गळ्यात पडून रडली होती. आपण काही खोटं केलं असं सिंधूला तेव्हा वाटलंच नाही. मधच तर होता. कारवीच तर लिहिलं होतं. त्या घाईगर्दीत झाकण उघडून नाक लावायचंही तिला सुचलं नव्हतं, की मुद्दामच सुचू दिलं नव्हतं, हे आता तिचं तिलाही सांगता येत नव्हतं.

तिने तेजलला फोन लावला.

“पोरी, कारवीचे तीस नमुने नेले होतेस तू. त्यातला कोंडीबाचा कुठला?”

“अगं काकी, दिवाळी अजून पंधरा दिवसांवर आहे, आणि तू नमुने काय विचारतेस?” तेजल हसली. मग कळफलकाचा आवाज आला. “केळगणे ना? तीस नंबर. तो वगळलाय.”

“वगळलाय म्हंजी?”

“यंत्राला शिकवताना घेतलाच नाही. बाकी एकोणतीस एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, हा एकटाच वेगळा निघाला. असं झालं की समजायचं, बाटली नीट धुतलेली नव्हती किंवा काहीतरी मिसळलं गेलं. तो बाजूला काढतात.”

गावातली एकुलती एक खरी बाटली, आणि ती एकटी पडली म्हणून खोटी ठरली होती.

“एकोणतीस एकाच डब्यातल्या होत्या,” ती शेवटी म्हणाली. “बाजारातनं आणलेल्या. मी भरल्या.”

पलीकडे कळफलकाचा आवाज थांबला.

“काकी,” तेजल म्हणाली, आणि आवाजातला लाड पार गेला होता, “राज्यभरात नऊ हजार यंत्रं आहेत. कारवीचा खरा मध म्हणून त्या सगळ्यांच्या डोक्यात तुझा तो बाजारातला पाक बसलाय.”

“व्हय.”

“मी माझ्या प्रबंधात त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय. एका गावातल्या एकोणतीस घरांचा मध किती एकसारखा असू शकतो म्हणून. माझं कौतुक झालं त्याचं.” “एकोणतीस घरांची साधी आमटी एकसारखी लागत नाही. दोन महिने मी त्याच घरांत जेवले होते. मला शंका यायला हवी होती, आणि मला आनंद झाला. तुझ्यावर ओरडू की माझ्यावर, कळत नाहीये.”

“आता काय करायचं ते सांग.”

“तुला सुनावणीत सांगावं लागेल, सगळ्यांसमोर. मी फोनवर असेन. पण काकी, तुझं केंद्र जाईल. माझं काय होईल, ते मलाही माहीत नाही.”

सिंधू त्यानंतरचे दोन दिवस सगळ्या जगावर करवादली. पारूवर, पारूच्या दुधावर, नाकाड्यावर. केंद्र गेलं तर तिच्या ओटीवर कोण येणार होतं? नवरा गेल्यापासून तीच तिची माणसं होती, हळद घेऊन येणारीसुद्धा. गप्प बसणं सोपं होतं. यंत्र म्हणतंय, मी काय करू, हे वाक्य तर जिभेवर तयार होतं. पण बोलताना डोळ्यांसमोर कोंडीबाची पाठ यायची आणि वाक्य तिथेच तुटायचं.

सुनावणीला देऊळ भरलं होतं. साहेब तरुण होता, त्याला परतीची गाडी गाठायची होती. कोंडीबा खांबाला टेकून बसला होता, हाताची घडी घालून. साहेबाने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का.

सिंधू उठली आणि सगळं सांगितलं. निळा डबा, एकोणतीस बाटल्या, चांगल्या अक्षरातली नावं. साहेबाने पेन खाली ठेवलं. फोनवरून तेजलने आकडे सांगितले. आनंदा सपकाळ अर्ध्यातच पाणी प्यायला उठून गेला आणि परत आला नाही.

सिंधूला वाटलं होतं, आता गाव आपल्याला फाडून खाईल. गाव गप्प होतं. सगळे जमिनीकडे बघत होते, आणि मग तिच्या ध्यानात आलं. तेजलने त्या वर्षी नमुना देणाऱ्या प्रत्येक घराला एक प्रमाणपत्र पाठवलं होतं. एकोणतीस घरांत ते काचेत मढवून भिंतीवर होतं. आपण मधाचा थेंबही दिलेला नाही हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि सात वर्षांत एकानेही ते खाली उतरवलं नव्हतं.

“पारू, तू तरी बोलायचंस,” सिंधू वैतागून म्हणाली. “तुला म्हाईत होतं.”

“आम्हाला वाटलं, तू आमच्या वाटणीचं दिलंस,” पारू पदराशी चाळा करत म्हणाली. “चांगलं दिसतं गं ते भिंतीवर.”

साहेबाने कपाळाला हात लावला. मग त्याने निकाल लिहिला. कोंडीबा केळगणेची लाल चिठ्ठी रद्द. नवे नमुने मिळेपर्यंत कारवीची तपासणी राज्यभर बंद. आणि संकलन केंद्र उतेकरबाईंच्या घरून आजपासून बंद.

बाहेर पायऱ्यांवर सिंधूने कोंडीबाला गाठलं. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “त्या बाटल्यांचं.”

“बाटल्यांचं मला काय न्हाई, आक्का,” कोंडीबा म्हणाला. बारा दिवसांनी त्याने तिला आक्का म्हटलं होतं, पण आवाज कोरडा होता. “मशीनचंबी काय न्हाई. त्याला शिकवलं तसं त्यानं सांगितलं. तुला कुणी शिकवलं? पंचवीस वर्सं वास घेतलास तू. त्या दिवशी चार डबे तुझ्यापुढं होते. एकाचं झाकण काढून बघायला तुझं काय जात होतं?”

तो पायऱ्या उतरून गेला.

भाऊबीजेच्या दिवशी सिंधूने पाट मांडला, रांगोळी काढली, आणि स्वतःलाच दहा वेळा बजावलं की तो येणार नाही. ओटी रिकामी होती. नाकाडं नेलं होतं, पाटी नेली होती. दुपार टळली तरी कुणी आलं नाही, आणि तिने रागारागाने करंज्यांचा डबा फळीवर ठेवून दिला. भावाने एवढं ताणावं का, आपण पोटाशी धरून वाढवला ना याला, असं ती भांड्यांशी बोलत होती, तेवढ्यात पायरीवर चपलांचा आवाज झाला.

कोंडीबाच्या डोक्यावर बांबूचा मोठा हारा होता. त्याने तो उतरवला. आत बाटल्या होत्या, फडक्यात गुंडाळलेल्या, लेबलं कोरी.

“तेजलबाईचा फोन आला होता. नवीन शिकवायचंय म्हणाली मशीनला,” तो पाटावर न बसता म्हणाला. “येका पेटीची येक बाटली. आधी वास घे.”

सिंधूने पहिल्या बाटलीचं झाकण काढलं. आधी तिला काहीच कळलं नाही, पाच वर्षांत नाक मऊ पडलं होतं. तिने डोळे मिटले आणि पुन्हा घेतला. मग तो आला, दाट, किंचित कडसर, वडील पठारावरून उतरायचे तेव्हा त्यांच्या घोंगडीला यायचा तो. तिचे डोळे भरले आणि तिने ते पुसले नाहीत.

“कारवी,” ती म्हणाली.

“मग? साखर हाय व्हय?”

“न्हाई रं बाबा, न्हाई. चुकले मी.”

तिने एकेक करत साऱ्या बाटल्यांचा वास घेतला. कोंडीबा उभा राहून बघत होता. शेवटच्या बाटलीचं झाकण लावून तिने तेजलला फोन केला आणि किती आहेत ते सांगितलं.

“बाराच?” तेजल म्हणाली. “काकी, निदान तीस तरी हव्यात गं. नाहीतर सात वर्षं थांबावं लागेल. अजून कुणाकडे नाही का?”

“न्हाईत. बारा पेट्या, बारा बाटल्या,” सिंधू म्हणाली. “तुला पुरत न्हाईत म्हणून मी आता काय बी भरून देणार न्हाई. रित्या हातानं गेलीस तरी चालंल.”

तेजलने ‘बारा’ असं स्वतःशीच म्हणून बघितलं. मग म्हणाली, “पाठव. बाराच पाठव.”

सिंधूने पेन आणलं आणि लेबलं लिहायला घेतली. मागच्या खेपेला एकाच डब्यातून भरलेल्या बाटल्यांवर तिने एकोणतीस नावं लिहिली होती. या खेपेला बारा बाटल्यांवर एकच नाव होतं, आणि प्रत्येक वेळी ते लिहायला तिला तेवढाच वेळ लागला. कोंडीबाने शेवटचं लेबल वाचलं, मान डोलावली आणि पाटावर बसला. तिने निरांजन लावलं.